आमच्या बागेतील फुलपाखरे

(प्रस्तुत पाठात लेखकाने वाकड येथील आपल्या घरामागच्या लहानशा बागेत येणाऱ्या फुलपाखरांची ओळख करून दिली आहे.)

मित्रांनो, उर्दूत तुम्ही जिला 'तितली' म्हणता, तिला मराठीत 'फुलपाखरू' म्हणतात. फूल आणि पाखरू हे दोन शब्द जोडून हा शब्द तयार झाला आहे. तितली स्त्रीलिंगी आहे, पण फुलपाखरू नपुंसकलिंगी आहे. म्हणून 'ते फुलपाखरू उडाले' आणि 'ती फुलपाखरे उडाली' असे म्हणायचे. आणखी एका शब्दाबाबत सांभाळा. तुमच्या शायरीत शमेभोवती फिरणारा परवाना असतो. मराठीत मात्र परवाना म्हणजे लायसन्स! 'तुमच्या दिव्यापाशी परवाना आहे' असे एखाद्या दुकानदाराला सांगितले, तर तो भिंतीवर टांगलेला सरकारी कागद दाखवील. दिव्यावर झेप घेणाऱ्या त्या किड्याला मराठीत 'पतंग' म्हणतात. आकाशात दोऱ्याने उडवतात तोही पतंगच.

फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक कसा ओळखावा? डोक्यावरच्या दोन मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशा काडीसारख्या सरळ असतात आणि त्यांच्या टोकाला बारीक गाठ असते, जणू काडेपेटीतील काडी. पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा टोकाला निमुळत्या असतात. फुलपाखरू दिवसा उडते, पतंग रात्री, असेही सांगतात. पण हा नियम सर्वांना लागू पडत नाही. त्याचा अनुभव पुढे येईलच.

वाकड हे मुळा नदीच्या काठचे गाव. पूर्वी इथे शेते होती. शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आमचे घर अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मागच्या बाजूला चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिथे एक लिंबाचे झाड, एक कढीपत्ता, तुळस, जास्वंद आणि थोडा झेंडू आहे. कुंपणापलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. पावसाळ्यात तिथे टाकळा, रुई आणि दगडीपाला माजतो. इमारतीतील लोक त्या प्लॉटला 'घाण' म्हणतात. मीही तसेच म्हणत होतो.

एका वर्षी पावसाळा संपता संपता लिंबाची कोवळी पाने कुरतडलेली दिसू लागली. पानांवर पक्ष्याची वीट पडावी तसे काळे-पांढरे ठिपके होते. नीट पाहिले तेव्हा ते ठिपके हळूच सरकले. त्या अळ्या होत्या! मी दुकानातून औषध आणले आणि संध्याकाळी झाडावर फवारले. दुसऱ्या दिवशी झाडाखाली सगळ्या अळ्या मरून पडल्या होत्या आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. मला समाधान वाटले.

आठ-दहा दिवसांनी शेजारची सातवीत शिकणारी मुलगी कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "काका, तुमच्या झेंडूवर ती काळी-पिवळी मोठी फुलपाखरे यायची, ती आता का येत नाहीत?"

मला उत्तर सुचले नाही. मग मी एक पुस्तक मिळवले आणि वाचले. लिंबाच्या झाडावरील त्या अळ्या म्हणजेच त्या काळ्या-पिवळ्या फुलपाखरांची पिल्ले होती. मी ज्यांना फुलांवर पाहून खूश होत होतो, त्यांनाच पानांवर मारत होतो. त्या दिवसापासून मी एक वही केली. ती वही भरता भरता जे शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की फुलपाखरू ओळखायचे असेल तर आधी झाड ओळखा. फुलपाखरू मध प्यायला कोणत्याही फुलावर बसेल, पण अंडी मात्र ठरावीक झाडांच्या पानांवरच घालते. कारण त्याच्या अळीला तीच पाने पचतात. काळ्या-पिवळ्या फुलपाखराला इंग्रजीत 'लाइम बटरफ्लाय' म्हणतात, म्हणजे लिंबाचे फुलपाखरू. त्याचे पंख काळे असून त्यांवर फिकट पिवळ्या रंगाचे लहानमोठे डाग असतात. मागच्या पंखाच्या आतल्या कडेला एक विटकरी लाल डाग असतो. त्याच्या मादीला लिंबाच्या वर्गातील झाडे लागतात; बेलावरही ती अंडी घालते. अंडे मोहरीएवढे, फिकट पिवळे आणि गोल असते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. असली वस्तू कोण खाणार? मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हळूच स्पर्श करा. ती डोक्यामागून दोन फाट्यांचे, केशरी रंगाचे शिंगासारखे काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. साप जीभ काढतो तसे ते दृश्य असते. घाबरू नका, तिच्याजवळ दंश करायला काहीच नाही.

दोन-तीन आठवडे खाऊन झाले की अळी एखाद्या फांदीला किंवा भिंतीला शेपटीकडून चिकटते. कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते आणि मागे रेलून बसते. विजेच्या खांबावर चढलेला माणूस कमरेला पट्टा बांधून रेलतो ना, तसेच. मग ती कात टाकते आणि तिचा कोष होतो. हिरव्या फांदीवर कोष बहुधा हिरवा असतो, वाळक्या काडीवर तपकिरी. उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत कोषातून फुलपाखरू निघते. थंडीत अधिक दिवस लागतात.

आता बागेत जाऊ. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जा. फुलपाखराचे रक्त आपल्यासारखे गरम नसते. ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी ते पंख पसरून उन्हात बसते आणि तेव्हाच ते नीट पाहता येते. त्याला पकडू नका. पंखांवर अगदी बारीक खवले असतात. चिमटीत धरले की ते रांगोळीच्या पुडीसारखे बोटांना लागतात आणि पंखाचा रंग उडतो. फुलपाखरू किती मोठे आहे, पंखांचा वरचा रंग कोणता, मिटल्यावर खालचा रंग कोणता, ते कसे उडते, कशावर बसते, एवढे पाहिले तरी पुष्कळ. वहीत हे उर्दूत लिहिले तरी चालेल, पण झाडाचे नाव मात्र मराठीत लिहा. माळीदादांना विचारायचे झाले तर तेच उपयोगी पडते.

तुळशीच्या मंजिऱ्यांवर नखाएवढी निळसर-राखाडी फुलपाखरे दिसतील. त्यांना 'ब्लू' म्हणतात. ती इतकी लहान असतात, की बरेच लोक त्यांना चिलटे समजतात. गवतावरून खाली खाली, डुलत जाणारे लिंबासारखे पिवळे फुलपाखरू 'ग्रास यलो' होय. त्याच्या अळ्या टाकळ्यावर वाढतात. माझ्या शेजारच्या त्या 'घाण' प्लॉटवर तीच वाढत होती!

इमारतींच्या फाटकापाशी उंच, सरळ, हिरव्या खांबासारखी झाडे लावलेली असतात. त्यांना लोक अशोक म्हणतात; खरा सीतेचा अशोक वेगळा. या झाडांभोवती एक काळे, हिरव्या ठिपक्यांचे फुलपाखरू भरभर फिरताना दिसेल. हे 'टेल्ड जे'. त्याच्या अळ्या याच झाडाची कोवळी पाने खातात. हे फुलपाखरू फुलावर बसले तरी त्याचे पंख थांबत नाहीत. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे 'चित्र काढता आले नाही' असे चार वेळा लिहिलेले आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेल्या कण्हेरीकडेही पाहा. तिच्यावर 'क्रो' नावाच्या गडद तपकिरी फुलपाखराचा कोष मिळतो. फुलपाखरू साधे दिसते, पण त्याचा कोष सोन्या-चांदीच्या मुलाम्यासारखा चमकतो. धुरात आणि हॉर्नच्या आवाजात ते झुंबर लटकत असते आणि कोणी त्याकडे पाहत नाही.

महाराष्ट्रात आंब्याच्या झाडावर बांडगूळ वाढते. ते दुसऱ्या झाडाचा रस पिऊन जगते. या बांडगुळावर एका सुंदर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. त्याचे पंख वरून पांढरे दिसतात. मिटले की खालची बाजू हळदीसारखी पिवळी दिसते आणि तिच्या कडेला कुंकवाच्या टिकल्यांसारखे लाल ठिपके असतात. मराठीत त्याचे नावच 'हळदीकुंकू' आहे. इंग्रजीत त्याला 'कॉमन जेझबेल' म्हणतात. मला मराठी नाव अधिक आवडते, कारण ते नाव ऐकले की फुलपाखरू लगेच ओळखता येते.

जास्वंदीवर कधी तळहाताहून मोठे, काळे फुलपाखरू येईल. त्याच्या मागच्या पंखांवर आकाशी निळा पट्टा असेल. तसे झाले तर सर्वांना हाक मारा. ते 'ब्लू मॉरमॉन'. पंख पसरल्यावर ते 12 ते 15 सेंटिमीटर भरते. महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि 'राणी पाकोळी' असे नाव दिले. असा मान देणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य ठरले. या राणीच्या अळ्याही लिंबाच्या वर्गातील झाडांवरच वाढतात.

आता थोडा अवघड भाग सांगतो. बागेत काही बहुरूपीही येतात.

रुईच्या झाडाचा चीक विषारी असतो. 'प्लेन टायगर' या केशरी फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खातात आणि ते विष अंगात साठवतात. फुलपाखरू झाल्यावरही ते विष राहते. एखाद्या पक्ष्याने हे फुलपाखरू एकदा खाल्ले की त्याला उलटी होते आणि पुढे तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच प्लेन टायगर अगदी सावकाश, ऐटीत उडते. त्याला घाई नसते. पण त्याच रंगाचे आणखी एक फुलपाखरू आपल्याकडे आहे. ती 'डॅनेड एगफ्लाय' या फुलपाखराची मादी. तिच्या अंगात विष नाही. तिच्या अळ्या आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढतात. परंतु वेश विषारी फुलपाखराचा असल्यामुळे पक्षी तिलाही सोडून देतात. तिचा नर मात्र निराळाच असतो, काळा आणि पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. नर-मादी शेजारी बसली तरी ती एका जातीची आहेत असे वाटत नाही. मग टायगर आणि एगफ्लाय यांतला फरक कसा ओळखायचा? मागच्या पंखाच्या मधोमध पाहा. टायगरच्या तिथे तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला मधले ठिपके नसतात. फार तर वरच्या कडेला एखादा असतो.

हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने अ‍ॅमेझॉनच्या जंगलात अशी नक्कल पाहिली आणि 1862 साली तिचे कारण सांगितले. आपल्याकडील या कलेतील उस्ताद म्हणजे कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणारे 'कॉमन मॉरमॉन'. मराठीत त्याला 'बहुरूपी' म्हणतात. त्याचा नर काळा असून मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग असते. मादी मात्र तीन प्रकारची असते. एक नरासारखीच. दुसरी 'कॉमन रोझ' या विषारी फुलपाखरासारखी, मागच्या पंखांवर पांढरे आणि लाल डाग असलेली. तिसरी 'क्रिमसन रोझ' या आणखी एका विषारी फुलपाखरासारखी. या तिन्ही माद्या एकाच जातीच्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 साली लिहिले. पण एकाच जातीत हे तीन वेश येतात कसे, हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. 2014 साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की या वेशांतरामागे 'डबलसेक्स' नावाचे एकच जनुक आहे. कीटक नर होणार की मादी, हे ठरवण्यातही हेच जनुक भाग घेते. कुंटे हे पुण्यात शिकलेले. दक्षिण भारतातील फुलपाखरांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 2000 साली प्रसिद्ध झाले.

नकली 'रोझ' ओळखण्याची खूण सोपी आहे. पंख विसरा, शरीर पाहा. खऱ्या 'रोझ'चे डोके आणि पोट लाल असते. मॉरमॉनच्या मादीने पंखांची नक्कल पुरेपूर केली, पण अंग काळेच राहिले.

मघाशी म्हटले होते, की पतंग रात्री आणि फुलपाखरू दिवसा हा नियम पक्का नाही. एकदा दिवेलागणीच्या वेळी आमच्या घरात एक तपकिरी पाखरू शिरले आणि ट्यूबलाइटभोवती फिरू लागले. घरातील सर्वांनी त्याला पतंग ठरवले. ते पडद्यावर बसले तेव्हा मी मिशा पाहिल्या. टोकाला गाठ होती! ते 'ईव्हनिंग ब्राउन' नावाचे फुलपाखरू होते. ते सांजवेळीच बाहेर पडते. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखी गोल चिन्हे असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेले फुलपाखरू मात्र वाळलेल्या पानासारखे दिसते.

आता तुम्ही विचाराल, अळ्यांनी सगळे झाड खाऊन टाकले तर? प्रश्न बरोबर आहे. ज्याच्या घरी लिंबाची रोपवाटिका आहे, त्याला ही अळी नकोच असते, कारण लहान रोपे ती पार बोडकी करते. डाळिंबाच्या बागांतही असेच आहे. डाळिंबाला तुम्ही अनार म्हणता. इंग्रजीतही एका फुलपाखराचे नाव 'अनार बटरफ्लाय' आहे! त्याची अळी फळाला भोक पाडून आत शिरते आणि दाणे खाते. शेतकरी म्हणून फळांना कागदाच्या किंवा कापडाच्या पिशव्या बांधतात. त्याचे पोट त्या फळांवर आहे. त्याने फुलपाखरासाठी बाग सोडून द्यावी असे आपण शहरात बसून म्हणू नये. पण आपल्या घरच्या झाडाचे तसे नाही. उंच वाढलेले झाड दहा-बारा अळ्या सहज सहन करते. पाने पुन्हा फुटतात. रोप लहान असेल, तर दोन अळ्या ठेवा आणि बाकीच्या पानासकट उचलून दुसऱ्या मोठ्या लिंबाच्या झाडावर ठेवा. जास्वंदीवर किंवा गुलाबावर ठेवू नका, तिथे त्या उपाशी मरतील.

ठाण्याजवळ ओवळा गावी ओवळेकर वाडी नावाची फुलपाखरांची बाग आहे. तिथेही हेच केलेले आहे. फुलपाखरे बाहेरून आणून सोडलेली नाहीत. त्यांना लागणारी झाडे लावली आणि फुलपाखरे आपण होऊन आली.

फवारणीच्या दुसऱ्या वर्षी मी औषध आणले नाही. आश्विनात कढीपत्त्यावर सात अळ्या होत्या. ती शेजारची मुलगी रोज शाळेतून आली की मोजायची. एक दिवस पाच झाल्या, मग तीन. एका अळीला बुलबुलाने नेताना आम्ही पाहिले. शेवटी दोन अळ्या उरल्या आणि दोघींनी कुंपणाच्या भिंतीवर कोष केले.

पहिल्या कोषाचा रंग काही दिवसांनी काळपट झाला. फुलपाखरू निघणार म्हणून आम्ही वाट पाहिली. एका दुपारी कोषाला बारीक भोक पडले आणि त्यातून मुंगीहूनही लहान असे पंखवाले किडे बाहेर आले. एकामागून एक, कितीतरी. त्यांच्या आईने कोष मऊ असतानाच त्यात अंडी घातली होती. त्या किड्यांची पिल्ले आतून कोष खाऊन मोठी झाली होती. मुलीचे डोळे भरून आले. "काका, तुम्ही तर औषधही मारले नव्हते," ती म्हणाली. मी तिला वहीत तारीख लिहायला सांगितले. तिने लिहिली, आणि पुढे काहीच लिहिले नाही.

दुसऱ्या कोषाकडे दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेसातला, मीच तिला हाक मारली. कोष फुटला होता. त्याखाली ओले, चुरगळलेले पंख घेऊन एक काळे फुलपाखरू लटकले होते. हळूहळू पंख सरळ होऊ लागले. मागच्या पंखांवर पांढरा डाग आला आणि मग लाल डाग दिसू लागले.

"रोझ!" ती ओरडली. मग लगेच गप्प झाली आणि भिंतीजवळ वाकून पाहू लागली.

"अंग?" मी विचारले.

"काळे आहे," ती म्हणाली. "काका, ही नकली आहे!"

नऊ वाजता ऊन भिंतीवर आले. फुलपाखराने दोन-तीनदा पंख उघडले, मिटले आणि ते कुंपणावरून रिकाम्या प्लॉटकडे गेले.